लाल वायरीचं घर

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोशीरच्या जयवंताबाईंच्या भातगिरणीत मोठा आवाज झाला. फटाका म्हणावा, तर फटाक्याला जळक्या तांब्याचा वास येत नाही. अंगण झाडणारी गोदा झाडू टाकून आत धावली, तेव्हा जयवंताबाईंचा मुलगा ऋषिकेश पॅनलसमोर भिंतीला टेकून बसला होता. भुवया गेलेल्या, उजवा पंजा भाजलेला, आणि पायाशी धुरकटलेला पिवळा मल्टीमीटर. मेन ब्रेकर वेळेवर पडला म्हणून जिवावरचं हातावर निभावलं.

त्यानं केलं तरी काय होतं? सणासाठी बंद ठेवलेली गिरण सुरू करण्याआधी तिन्ही फेज नीट येतात का, हे बघायला मीटर उचलला, चकती व्होल्टवर फिरवली आणि मीटरची दोन टोकं पॅनलवर दोन ठिकाणी टेकवली. हे तो नेहमीच करत आला होता आणि आजवर कधी साधी ठिणगीही उडाली नव्हती.

दुपारपर्यंत निकालही लागून गेला. जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा राजेश खोपोलीहून आला. त्यानं मीटर उलटासुलटा करून पाहिला आणि जाहीर केलं, "श्रद्धानं मीटर चुकीचा लावून ठेवला व्हता. दुसरं काय नाय." मग मीटर पिशवीत टाकून तो घेऊनही गेला. जयवंताबाईंनी पुढं काही विचारलं नाही. पॅनलच्या दारावर त्यांनीच हौसेनं पांढऱ्या रंगात लिहून घेतलं होतं, 'वीज देखभाल : श्रद्धा कराळे'. त्या नावावर त्यांनी गोणपाट टांगलं.

गोणपाट दिसायला साधं, पण त्याखाली एका पोरीची अख्खी मेहनत झाकली गेली. नेरळपासून खालापूरपर्यंतच्या गिरण्यांत जयवंताबाईंचा शब्द चाले. त्यांनी हाकललेल्या वायरमनला, त्यातून बाईमाणसाला, ऐन भाताच्या हंगामात दारात कोण उभं करणार?

ही खबर कर्जतला दीप्ती ओव्हाळच्या कानावर गेली आणि तिचा पारा चढला. दीप्ती आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग शिकवायची. श्रद्धा तिच्याच हाताखाली तयार झालेली. दीप्तीला आपल्या पोरापोरींचा गर्व होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत ती पडत नसे. वर्गात तिचं एक वाक्य ठरलेलं होतं : "आकडा दिसला म्हणजे मोजणं संपलं नाही. लाल वायर घरी आली की संपलं."

आपली श्रद्धा ते वाक्य विसरेल? दीप्तीनं स्कूटर काढली. वाटेत मात्र दुसरा विचार आला आणि तो काही केल्या जाईना. पोरगी खरंच विसरली असली, तर तेही आपल्यालाच सगळ्यांदेखत बोलावं लागणार होतं.

२

श्रद्धा घराच्या ओट्यावर हत्यारांची पेटी उघडून बसली होती. हात मात्र कशालाच लागत नव्हता.

"खरं सांग," दीप्ती समोर बसत म्हणाली. "विसरलीस?"

"नाय मॅडम. नवमीच्या आदल्या दिवशी पाखडणीच्या पंख्याचा करंट मोजला. मग लाल वायर घरी आणली नि मगच चकती बंद केली. आईच्यान सांगते."

इथं ज्याला विजेतलं काही ठाऊक नाही त्यानं एवढंच ध्यानात ठेवावं. व्होल्ट मोजताना मीटर बाजूला उभा राहून दोन तारांमधला जोर नुसता बघतो. करंट मोजायचा तर तार मधेच उघडून मीटरला तिच्या वाटेत बसवावं लागतं, म्हणजे सगळा करंट त्याच्या पोटातून जातो. त्यासाठी लाल वायर अँपियरच्या भोकात घालायची. त्या भोकात ती असताना मीटर म्हणजे नुसता तारेचा जाड तुकडा. तो विसरून दोन फेजवर टेकवला, तर चकती कुठंही असो, सरळ शॉर्ट! म्हणून काम झालं की लाल वायर परत व्होल्टच्या भोकात यायलाच हवी. तेच तिचं घर.

"मग राजेश म्हणतो ते अँपियरचंच भोक असणार," दीप्ती म्हणाली. "तू मोजल्यावर मीटर कोणाच्या हातात गेला?"

"कुणाच्याच नाय. तीच तर गोची हाय. खंडेनवमीला समदी हत्यारं पूजेत मांडली. काकींच्या गिरणीत दसरा सरेपर्यंत हातोडीला सुदीक हात लावत नायत. लोकं म्हणतात, तूच शेवटची, म्हंजे तूच."

दीप्ती स्वतः दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात होती. हत्यारांची पूजा तिच्या घरी नव्हती, पण हा सोवळा कायदा तिला माहीत होता. पूजेला बसलेल्या हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. लोकांच्या म्हणण्यात खोट काढायला जागाच नव्हती.

"त्या गिरणीत तुझी एक फळी आहे ना? दिवा लावलेली?"

"हाय. करंट मोजायला शिकवायची."

"कोणाला शिकवायची?"

श्रद्धानं पेटीचं झाकण लावलं. कडीही लावली.

"ते सांगणार नाय, मॅडम. मी शब्द दिलाय."

"अगं, तुझं नाव जातंय!"

"जाऊ दे. शब्द बी माजाच हाय."

दीप्तीला राग आला आणि त्या रागाच्या तळाशी तिला पोरीचं कौतुकही वाटलं. ती उठली.

३

गिरणीत तांदळाच्या कोंड्याचा गोडसर वास भरून राहिला होता. पूजेची चौरंगावरची मांडणी अजून तशीच होती. नट आवळायचे पाने, पक्कड, पट्टे ओढायची लोखंडी पहार, सगळ्यांवर हळदकुंकू आणि सुकत चाललेले झेंडू. शेजारी श्रद्धाची फळी. तिच्यावर शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा, एक बटण, भिंतीत खुपसायची पिन, आणि मधे दोन स्क्रूंनी धरलेली पितळी पट्टी. पट्टी काढली की तार तुटते आणि त्या जागी मीटर बसवता येतो.

दीप्ती वाकली. गोदानं दोन्ही स्क्रूंवर कुंकू लावलेलं दिसत होतं. पण ते दोन्हीकडं खरवडून निघालं होतं आणि खाली पितळ चकचकत होतं.

"गोदाताई, पूजा तुम्हीच मांडली ना? मीटरलाही कुंकू लावलंत?"

"तर! त्यालाच का उपाशी ठेवायचा? काचेवर लावलं तर आकडं दिसायचं नाय, मनून खाली लावलं, वायरी घुसतात तितं. पाण्यात कालवून चांगला पट्टा वढला."

"मग दसऱ्यापर्यंत इथं कोण कोण आलं?"

"सोनं द्यायला काय, गावच लोटतंय. पर आत गिरणीत कोन येतंय? खालापूरची अंबाबाई आलती, काकींची नणंद. तिची सून इंजिनेर हाय पुन्याला. आली की तेच पुरान. तो राजेश बी आलता."

जयवंताबाई मागच्या दारातून आल्या. उंच बाई. नवऱ्यामागं गिरण एकहाती चालवलेली, आणि ते त्यांच्या चालण्यातही दिसे. दीप्तीला बघून त्यांनी हात कमरेवर ठेवले.

"तुमीच का तिच्या मास्तरीन? पोरीवर माजा लय जीव व्हता. पर माजा पोरगा भाजला, बाई. आता उगी तिची बाजू घिऊ नका."

"बाजू घ्यायला नाही, बघायला आलेय काकी. ही फळी कोणी वापरली?"

"फळीचं काय घिऊन बसलात! त्या दिव्यानं का स्फोट व्हतो? शंभराचा दिवा, अर्धा अँपियर बी पुरा खात नाय. आन मीटर तर बंदच करून ठेवला व्हता. मला काय कळतंय त्यातलं? मी आपली भात नि तांदूळ जानते."

आतल्या खोलीत ऋषिकेश पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडला होता. दीप्तीला पाहून तो उठून बसला.

"मॅडम, मी चकती बघितली. व्होल्टवरच होती. वायरी जशा होत्या तशाच घेतल्या, त्यांना मी हात नाही लावला. भोकं बघायला पाहिजे होती ना?"

"पाहिजे होती," दीप्ती म्हणाली. तिला खोटं सांत्वन जमत नसे. "पण आधीच्यानं ती नीट ठेवायलाही पाहिजे होती. मीटर कुठंय?"

"राजेशनं नेला. म्हणाला, भंगारात टाकतो."

दीप्ती तशीच उलट पावली निघाली. एकुलता एक पुरावा खोपोलीतल्या भंगारात जाणार होता, आणि तो नेणाऱ्याचा श्रद्धाच्या कामावर डोळा आहे, हे कर्जतपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

४

राजेशचं दुकान खोपोलीत रस्त्यालगत, दारात उघड्या मोटारींची रांग. तो आत तांब्याच्या तारेचे वेढे घालत बसला होता. कमरेला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती नुसता चिमटा लावला की करंट सांगणारं यंत्र.

"मीटर दे," दीप्ती म्हणाली.

"मॅडम, तुमी माज्यावर वहीम घेता का काय?"

"घेते. तुला ती गिरण हवी आहे."

राजेशनं वेढा खाली ठेवला. "हवी हाय. खोटं कशाला बोलू? पर ऋष्या माजा वर्गमित्र हाय. त्याचा हात भाजून मला काय गिरन घ्यायची नव्हती." त्यानं फळीवरून पिशवी काढून तिच्या हातात दिली. "आन हे बगा, करंट मोजायचा तर मी एका वायरीला हा चिमटा लावतो. तार उघडा, लाल वायर हितून तितं घाला, हे धंदे मी कशाला करू?"

माणूस उद्धट होता, पण बोलणं बिनतोड होतं. ज्याच्या कमरेला चिमटा, तो पट्टी उघडून कशाला बसेल?

तिनं पिशवीतून मीटर काढला. मागची बाजू तडकलेली, पोट जळलेलं. मोठ्या अँपियरच्या त्या भोकाला आत फ्यूजच नव्हता, स्वस्तातल्या मीटरचं हे ठरलेलं दुखणं. फ्यूज असता तर इतकं भाजलं नसतं. समोरचा भाग मात्र शाबूत होता. खाली ओळीनं चार भोकं, आणि त्यांच्यावरून गोदानं ओढलेला हळदकुंकवाचा वाळलेला पट्टा.

काळी वायर तिच्या नेहमीच्या भोकात होती. लाल वायर अँपियरच्या भोकात. दीप्तीनं ती हळूच ओढून काढली. आणि ती तशीच बघत राहिली.

लाल वायरीच्या पितळी टोकाला कुंकू चिकटलं होतं. अँपियरच्या भोकाच्या काठावर कुंकू, आतही कुंकू. आणि शेजारी व्होल्टचं भोक, रिकामं, पण त्याच्याभोवती स्वच्छ गोल! पट्टा तिथपर्यंत येऊन थांबला होता आणि पलीकडून पुन्हा सुरू झाला होता. गोदा कुंकू लावत असताना त्या जागी कसलंतरी गोल बूड बसलेलं होतं.

दीप्तीनं लाल वायरीचं बूड त्या गोलावर ठेवून पाहिलं. तंतोतंत बसलं.

"काय झालं, मॅडम?" राजेश पुढं सरकला.

"माझी पोरगी खरं बोलत होती, एवढंच झालं." दीप्तीनं मीटर जपून पिशवीत ठेवला. "दसऱ्याला तू गिरणीत गेलास तेव्हा आत कोण होतं?"

"मी आत गेलोच नाय. दारातच सोनं दिलं. काकी नि त्यांची नणंद गिरनीतूनच भायेर येत व्हत्या. काकी लय खुशीत. नणंदेचं मात्र तोंड पडलेलं."

दीप्तीच्या डोक्यात मघाचं एक वाक्य परत वाजलं आणि या वेळी ते नीट ऐकू आलं. शंभराचा दिवा, अर्धा अँपियर बी पुरा खात नाय.

"उद्या सकाळी पोशीरला ये," ती म्हणाली. "श्रद्धाला दोष तू दिलास. तो उतरवायलाही तूच हवास."

५

सकाळी गिरणीत सगळे जमले. ऋषिकेश खुर्चीवर, राजेश दाराशी, गोदा चौरंगापाशी. श्रद्धा आत यायला तयार नव्हती. दीप्तीनं तिचा हात धरून तिला गोणपाट टांगलेल्या पॅनलसमोर उभं केलं. जयवंताबाई मधोमध पाटावर बसल्या होत्या.

दीप्तीनं मीटर सर्वांना दाखवला. तो स्वच्छ गोल दाखवला, लाल वायर त्यावर बसवून दाखवली.

"राजेश, तूच सांग. पूजा झाली तेव्हा लाल वायर कुठं होती?"

राजेशनं मीटर हातात घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि मान खाली घातली. "व्होल्टमधी. आयला, मी कुकू बगितलंच नाय. चुकलो, श्रद्धाताई."

"म्हणजे श्रद्धानं वायर घरी आणली होती," दीप्ती म्हणाली. "गोदाताईंच्या कुंकवानं त्यावर शिक्का मारलाय. पूजेनंतर कोणीतरी ती काढून अँपियरच्या भोकात घातली. करंट मोजायलाच, कारण फळीवरच्या पट्टीचे स्क्रू कुंकू लावल्यावर फिरलेत. आणि जे केलं ते अगदी रीतसर केलं. पट्टी उघडली, मधे मीटर बसवला, आकडा बघितला, पट्टी परत लावली, चकती बंद केली. फक्त लाल वायर तिथंच राहिली. बंद मीटरमध्येही ती तिथं असली, की पुढच्या माणसाचा घात होतो."

"पर कोन?" गोदानं विचारलं. "पूजंतल्या हत्याराला हात लावला कुनी?"

"मला ठाऊक आहे," दीप्ती म्हणाली. "पण नाव घ्यायला मी आले नव्हते. माझी पोरगी सुटली, माझं काम झालं." तिनं पर्स खांद्याला लावली.

पाटावर बसलेल्या जयवंताबाईंचा चेहरा उतरत गेला होता. त्यांनी मुलाच्या हाताच्या पट्टीकडं बघितलं, मग त्या मीटरकडं. आणि त्या उभ्या राहिल्या. चोरून नव्हे, मान वर करून.

"मी," त्या म्हणाल्या. "मी लावला हात."

"आये?" ऋषिकेश खुर्चीतून अर्धा उठला.

"बस रं. बोलू दे मला. नवऱ्यामागं ही गिरन चालवली, पर विजेपुडं आंधळीच व्हते. ज्यानं जे सांगितलं ते खरं मानायचं. मनून या पोरीकडून शिकत व्हते. या वयात शिकते मनून लोकं हसतील, तवा कुनाला सांगू नको असा शब्द घेतला तिचा. दसऱ्याला अंबा आली. माजी सून अशी नि माजी सून तशी. मला ऱ्हावलं नाय. म्हनलं, चल, दावते. पूजा मोडली नि दाखवलं तिला. मोजून!" क्षणभर त्या विजयानं त्यांचे डोळे पुन्हा चमकले आणि लगेच भरून आले. "मीटरची चकती बंद केली, वाटलं समदं बंद झालं. माज्याच पोराला भाजलं मी. आन नाव घालवलं हिचं."

ऋषिकेशनं डाव्या हातानं आईचा पदर धरला. "बरा होतोय गं हात. भोकं मीही बघितली नव्हती."

जयवंताबाईंनी डोळे पुसले आणि दीप्तीकडं वळल्या. "तुमाला कसं कळलं?"

"काकी, शंभराचा दिवा किती करंट खातो, हे ज्यानं मोजलंय त्यालाच असं झटकन सांगता येतं. आणि मीटर बंद केला होता, हेही तुम्हीच सांगितलंत. मग श्रद्धाचा शब्द आठवला. आणि नणंदेचं पडलेलं तोंड."

गोदा फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला.

दीप्तीला वाटलं, आता बाई आत निघून जातील. पण जयवंताबाईंनी हात पुढं केला. "तुमच्याकडं चांगला मीटर हाय का? भोकाला फूज असलेला?"

दीप्तीनं पर्समधून आपला मीटर काढून दिला. जयवंताबाई फळीपुढं बसल्या. श्रद्धा नकळत त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली, हात पाठीशी बांधून, दीप्ती वर्गात उभी राहते तशीच.

"पैलं पिन काढली," जयवंताबाई मोठ्यानं म्हणाल्या. "पट्टी उघडली. काळी वायर तितंच. लाल वायर अँपियरमधी. चकती अँपियरवर, एसीवर. टोकं दोनी बाजूला पक्की लावली. आता पिन लावते. हात लांब." त्यांनी फळीचं बटण दाबलं. दिवा पिवळा उजळला.

"पॉइंट त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. राजेशनं न राहवून चिमटा काढला, एका वायरीला लावला, आणि नुसती मान डोलावली.

जयवंताबाईंनी बटण बंद केलं, पिन काढली, टोकं सोडवली, पट्टी परत बसवून स्क्रू आवळले आणि मीटरची चकती बंदवर आणली. मग त्या थांबल्या.

"काकी," श्रद्धा म्हणाली. आवाजात आर्जव नव्हतं, धाक होता. "संपलं का मोजनं?"

"नाय, बाई," तिच्या दुप्पट वयाच्या त्या बाईनं उत्तर दिलं. "लाल वायर घरी आनायची हाय."

त्यांनी वायर काढली, व्होल्टच्या भोकात बसवली आणि बोटानं दाबून खात्री केली. मागं उभ्या असलेल्या दीप्तीचा ऊर भरून आला. आपण एकीला शिकवलं होतं, आणि ते वाक्य न सांगता पुढच्या उंबऱ्यावर जाऊन पोचलं होतं. असा दिवस तिच्या नोकरीत याआधी आला नव्हता.

जयवंताबाई उठून पॅनलपाशी गेल्या. गोणपाट एका हिसक्यात ओढून काढलं आणि गोदाकडं फेकलं. पांढरं नाव तसंच होतं, नुसती धूळ बसलेली. त्यांनी ती आपल्या पदरानं पुसली, एकेक अक्षर करून, शेवटच्या काना-मात्रेपर्यंत. मग ब्रेकरची किल्ली श्रद्धाच्या हातात दिली.

"व्होल्ट बग नि चालू कर गं," त्या म्हणाल्या. "भात दारात येऊन पडलाय."